एकशे चौदा

काय दिवे लावलेस आयुष्यात, असं कुणी विचारलं
तर माझ्याकडे नेमका आकडा आहे:
एकशे चौदा.
घाटावर एकोणतीस, चर्चच्या उतारावर बारा,
बाकीचे गल्लीबोळांत, जिथे खांब रोवायला
लाव्हाचा काळा दगड सुरुंगाने फोडावा लागला.
मी बेल्मीरू, आसोरेश बेटांवरचा,
नगरपालिकेचा वायरमन,
समुद्राकडे पाठ करून शिडी चढणारा.

मंगळवारच्या सभेत ठराव आला.
कलम एक : सडकेवरचा प्रत्येक दिवा खाली पाहील.
कलम दोन : पांढरे बल्ब काढून पिवळे लावावेत.
कलम तीन : पंचवीस ऑक्टोबरपासून वीस रात्री
नऊनंतर सगळे दिवे बंद.
कारण : कागार्रोची पिल्लं.
आईबाप आधीच निघून गेलेले,
कड्याच्या बिळातून ती एकेकटी बाहेर पडतात
आणि झगमगेल ते पाणी समजून
आमच्या डांबरावर उतरतात.
डांबरावरून त्यांना उठता येत नाही.

बेकरीवाली एर्मेलिंडा म्हणाली,
मी पहाटे तीनला कणीक मळायला जाते,
तुमच्या पाखरांना सांगा कंदील धरायला.
सगळे हसले. एवुतीमियु हसला नाही.
त्याने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला,
डब्यातून अर्जांच्या नकला.
एकोणीस.
एकाच गल्लीसाठी, एका दिव्यासाठी.
तिसऱ्या आणि चौथ्या अर्जाच्या मध्ये कुठेतरी
त्याची बायको तिथे घसरली होती.
दिवा लागला तेव्हा ती खाटेला खिळलेली,
खिडकीतून बघायची म्हणे,
आमचा आला, आमचा आला.
तो लावायला मीच चढलो होतो.
वर तिने काकवीची भाकरी पाठवली होती.

पाच विरुद्ध चार.
अध्यक्षबाईंनी उगीचच चष्मा पुसला,
तेव्हा कळलं पाचवं मत कुणाचं.

पंचवीसला नऊ वाजता मी खटका खाली ओढला.
आणि फजीत झालो.
ज्या रस्त्याचा खांब न् खांब मला पाठ
त्याचे खड्डे मला माहीत नव्हते.
माझं सगळं काम वर मान करून.
दहा पावलांत दोनदा ठेचकाळलो,
तशी कुणीतरी कोपर धरली.
इथे पायरी आहे, एवुतीमियु म्हणाला,
आता दोन उंच, मग एक फुटकी.
एकोणीस अर्जांची वर्षं
तो याच अंधारातून चालला होता.
बोलला काहीच नाही. माझ्यावर रागावलेला होता
आणि मला पडू देत नव्हता.

खाली धक्क्यावर मात्र लख्ख उजेड.
तो फ्लडलाइट बंदर खात्याचा.
आमचा ठराव धक्क्याच्या पहिल्या पायरीशी संपतो,
पुढे लिस्बनचं राज्य.
माशांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये
कुणाचा तरी भिजलेला बूट पडावा
तसं ते बसलं होतं,
हद्द कुठली ते न कळलेलं.

एवुतीमियुने कोट काढून त्यावर टाकला.
ते चावलं. त्याने एक अस्सल शिवी दिली,
पक्ष्याला की खात्याला, सांगता येणार नाही.
सफरचंदांच्या खोक्यात ते रात्रभर
त्याच्या स्वयंपाकघरात खुडबुडत होतं म्हणे.
सकाळी भिंतीवरून आम्ही ते वाऱ्यावर सोडलं.
आधी खाली गेलं, दगडासारखं,
माझ्या पोटात गोळा आला,
मग लाटेच्या वर एक वीत
सरळ, सरळ.

तो बघत थांबला नाही.
रक्ताळलेलं बोट चोखत म्हणाला,
बंदर खात्याचा पत्ता आहे का तुझ्याकडे?
मी दिला.
तिथे वरचा साहेब कोण, पुरुष की बाई?
मला ठाऊक नव्हतं.
ते आधी विचारून ये, म्हणाला,
मायना चुकला की
अर्ज वर्षभर टेबलावर पडून राहतो.