रवा

वडणग्याच्या गुऱ्हाळात सहाला ऊन संपलं.
आयएसओ शंभर, दुपारभर पुरला होता:
रसावरची मळी, चिपाडांचा ढीग,
सगळं धुतल्यासारखं.

आता वाफ.
भिंग एक पॉइंट आठवर येऊन थांबलंय,
त्याच्यापुढं त्याला उघडता येत नाही.
शटर सेकंदाच्या पंधराव्या हिश्शावर नेलं
तर बाबगोंडाचा फावडं ओढणारा हात
नुसता धूर होऊन बसतो.
थांबू या जरा, म्हटलं. चुलवाणात जाळ वाढेल.

बाबगोंडा काहिलीकडं बघत नाही, ऐकतो.
बुडबुड्यांचा आवाज जाड झाला की
बोटं पाण्यात, मग पाकात, पुन्हा पाण्यात.
गोळी चेपतो. "अजून न्हाई."
माझा अंगठा चकतीवर. आठशे. परत चारशे.
दाणे येतील, काळ्यात लाल-हिरवे,
लग्नाच्या अल्बमात गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवतं तसले.
पुन्हा गोळी.
"न्हाई म्हटलं न्हवं."

मग एकदम, "उचला!"
सहाजणांनी दांडे घातले, काहील तिरकी झाली,
वाफ्यात सोनंबिनं नाही,
गूळच ओतला,
आणि मी बत्तीसशेवर होतो.
कधी गेलो, आठवत नाही.

मागच्या काचेवर फोटो मोठा करून दाखवला.
हात हातासारखा होता. नखातली राखसुद्धा.
अंधारभर दाणेच दाणे, ते मीच आधी सांगून टाकलं.
त्यानं चष्मा कपाळावर सारला,
काच नाकाशी नेली.
"रवा धरलाय की," म्हणाला,
आणि उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून दिला,
निवायच्या आत खा म्हणून.