मुठीखाली

सिंहाचा एक डोळा गेलाय.
उरलेला लाल काचेचा
दिव्याखाली माझ्यावर रोखलेला.
गिऱ्हाईक सांगतो, बायर्नच्या कुठल्याशा पलटणीतली,
पणजोबांच्या थोरल्या भावाची.
मग तोच प्रश्न, सगळेच विचारतात,
आवाज थोडा खाली आणून:
हिने कुणाला मारलं असेल का हो?

मी पात्यावरून अंगठा फिरवते.
धारच लावलेली नाही हिला.
कवायतीची तलवार. फार तर
एखाद्या लग्नात केक कापला असेल,
जिना उतरताना पायात आली असेल.
त्याचा चेहरा पडतो.
सोमवारी या, म्हणते.

रात्री शटर ओढून
तिला जुन्या चादरीवर निजवते.
पातं निळं, नुकत्याच विझलेल्या आभाळासारखं,
त्यावर सोन्याची वेल, ढाल, दोन तोफा
आणि वळणदार नाव:
लेफ्टनंट लुइटपोल्ड फॉन आइशबेर्ग.
आधी मेणाचा थर. त्यात सुईने, श्वास धरून, अक्षर.
मग तेजाबाने खायचं तेवढंच
जेवढं सुईने उघडं ठेवलं.
शेवटच्या अक्षराची शेपटी जरा लांबलीय:
जागा उरली असेल, किंवा दुपार.

मूठ पाकटाच्या कातडीची,
बारीक दाण्यांवरून पिळाची तार.
अकरा वेढे. एक सैल.
त्यासाठीच तर आलीय ती माझ्याकडे.

शेंड्याचा ठोकलेला माथा कानशीने घासते.
सिंह डोक्यासकट सुटतो,
मूठ मोज्यासारखी निघते.
आत नागडं लोखंड,
न उजळलेलं, कुणी बघायचंच नव्हतं ते.
त्यावर टोच्याने ओरखडलेलं, वाकडं:

नदी गोठली. चाक बंद.
फ्रिट्झ खोकतो. उधारी सात मार्क.

बस. खाली सही नाही.

वुपर इथून टेकडीखाली.
तिच्याच जोरावर दगडी चाकं फिरायची, माणसाहून उंच,
आणि झोलिंगेनचे घासणारे
गुडघ्याला लाकडाची फळी बांधून
पातं दगडावर रेटायचे, दिवसभर,
तोंडासमोर दगडाची धूळ.
बायका टोपल्यांतून पाती डोक्यावर घ्यायच्या,
चढ चढून व्यापाऱ्याच्या दारात उभ्या.
तो नखाने वाजवून बघे.
एखादं परत करी.
भट्टीपाशी तिसराच कुणी
पोलादाला पाणी द्यायचा, रंग बघत बघत:
गवती, तपकिरी, जांभळा,
आणि आता थांब.
पाणी कुणी दिलं ते पात्यावर लिहीत नाहीत.

फ्रिट्झ कोण? भाऊ? पोर?
शेजारच्या चाकावरचा?
सात मार्क कुणाचे, कुणाकडे?
अक्षरांत गंज बसलाय.
सगळीकडचा काढला, तेवढा नाही काढला.
तेलाचं एक बोट फिरवलं
आणि मूठ पुन्हा चढवली.

सोमवारी तो येतो.
नवा डोळा जुन्याहून जरा जास्त लाल,
त्याला चालतं.
बिलात तार, काच, तेल, दोन दिवसांची मजुरी.
सात मार्क म्हणजे आजचे किती
हे मला कुठं माहीत.

दारात तो वळतो:
म्हणजे नक्कीच नाही ना मारलं हिने कुणाला?

मूठ घट्ट झालीय, मी म्हणते.
धरून बघा.