गळती

तबकडी आली. काळी, जाड, दोन हजार चारशे रुपयांची.
वैजयंतीनं, त्याच्या भाचीनं, दुकानात आणून दिली.
म्हणाली, परकारकाका, तुमचंही नाव आहे मागे,
बारीक अक्षरांत, आभारांमध्ये.
चष्मा पुसून पाहिलं.
परकर छापलंय.

पुढच्या बाजूला वाळवंट. एक उंट.
भार्गव तोडणकरनं उंट पाहिला तो जुहूच्या चौपाटीवर,
बसायचे पाच रुपये जास्त वाटले
म्हणून आम्ही दोघं नुसते त्याच्या सावलीत उभे राहिलो.

कोपऱ्यात सोनेरी चिकटपट्टी : सूफी जॅझ.
माहीमच्या दर्ग्यावर मी जायचो तेव्हा
तो बाहेर माझ्या चपला राखत बसायचा
आणि शिऱ्यातला वाटा मात्र माझ्याआधी मागायचा.
एवढाच त्याचा सूफीशी संबंध.
जॅझचं मला विचारू नका. त्यालाही नका विचारू.
कुणी म्हणालं, घराणं कुठलं?
तर सांगायचा, लालबाग, तिसरा मजला, खोली बेचाळीस.

कंपनीतला पोरगा वाईट नाही, वैजयंती म्हणते.
त्याला एक कप्पा भरावाच लागतो,
रिकामा सोडला तर यंत्र पुढे जाऊ देत नाही.
असेल. माझ्याही खणांवर चिठ्ठ्या आहेत,
चाळीस वर्षं, धोबी तलावावर.
‘बूच’ लिहिलेल्या खणात स्प्रिंगा असतात.
माझं मला सापडतं.

आत चार पानांचा मजकूर. वाचून घेतला, नातवाकडून.
‘या स्वरांतून वाहणारा तो फकिराचा श्वास.’
श्वास नाही हो तो, गळती आहे.
डाव्या करंगळीच्या किल्लीखालचं पॅड झिजलेलं.
दोनदा मी बदललं. तिसऱ्यांदा म्हटलं,
आधीचे साठ रुपये दे, मग बघू.
तो हसला, क्लॅरिनेट पिशवीत घातलं,
आणि सहा महिने या फुटपाथवर फिरकला नाही.
त्या सहा महिन्यांतल्या आहेत या अकरा कॅसेटी.

‘संयम. जवळजवळ मौन.’
खालच्या खोलीत राहाटे, रातपाळीचा,
दिवसा झोपायचा.
म्हणून भार्गव कपाटाचं दार उघडून
शेवंताच्या लुगड्यांत तोंड घालून वाजवायचा.
ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली,
लुगडी कुणाला दिली नव्हती.
त्या खोलीला त्यांनी ‘अवकाश’ म्हटलंय.

दुसऱ्या बाजूला मध्येच गिरणीचा भोंगा येतो.
त्याला ‘प्रयोग’ म्हटलंय.
भार्गव म्हणायचा, भोंगा सुरापेक्षा किंचित उतरलेला आहे,
कुणीतरी मालकाला सांगायला हवं.
ऐका नीट, तो वाजवता वाजवता थोडा खाली येतो,
भोंग्याला गाठतो,
दोघं बरोबर उभे राहतात क्षणभर.
मग पाळी सुटते.

वैजयंतीनं मूळ कॅसेटीही दाखवल्या.
त्यांच्यावर पेन्सिलीनं, त्याच्या वाकड्या अक्षरात :
मंगळवार, नळाला पाणी येईपर्यंत.
राहाटे उठला, थांबलो.
हे बरं.
हे नाही. (तेच पहिलं घेतलंय त्यांनी.)
आणि अकरावीवर, दोनदा गिरवून :
परकारला दाखवणे.

काय दाखवणे?
सूर, की गळती?
पोरानं त्या तुकड्याला ‘वाळूतली प्रार्थना’ नाव दिलंय.

क्लॅरिनेटही ठेवून गेली ती. काका, नीट करून द्या,
प्रदर्शनात काचेत ठेवणार आहेत.
शटर अर्धं ओढलं. खण उघडला, बुचाचा.
पॅड बसवलं, लाख गरम करून, कडेनं दाबून.
वहीत त्याच्या पानावर साठाखाली आणखी तीस लिहिले.
मग तोंडाला लावून फुंकलं.
साफ. कुठे हवा नाही.
आता ते कुणाचंही क्लॅरिनेट आहे.