सराट्याचं कुळ

धानोरा फाट्यावर, पत्र्याच्या सावलीत,
पुंजाजी पंक्चरवाले, म्हणजे माझे बाबा,
घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून धरत.
बुडबुडा आला की म्हणत, "हा पाह्य, बोलला."
मग टायरातला सराटा पकडीनं उपटून
बिस्किटाच्या डब्यात. खट्‌.

म्हणून मी हे झाड काट्याकडून शिकले.
फूल फार नंतर.

कॉलेजात मॅडमनी फळ्यावर कुळ मांडलं.
म्हणाल्या, नावाचा अर्थ जुवाला जुंपलेली पानं.
खरंच, एकेका काडीवर पाच-सहा जोड्या पर्णिका
वखराला निघाल्यासारख्या;
पण समोरासमोरच्या दोन पानांत एक लांब, एक आखूड,
थोराड बैलाशेजारी गोऱ्हा जुंपावा तसं.
कुळ लहानच. धमासा त्यातलाच, जांभळट फुलांचा.
हिंगणाला मध्यंतरी वेगळं काढलं होतं,
मग कुणीतरी मिटवलं, परत घेतलं.
आमच्या मोठ्या काकांचं अजून मिटायचंय.

मी वहीत लिहिलं:
खोड लवदार, भुईला चिकटून चहूकडे रांगणारं.
फूल एकेकटं, पाच पाकळ्या, ओल्या हळदीचा रंग.
सकाळी उघडं, ऊन चढलं की मिटलं.
पुंकेसर दहा.
फळाच्या पाच फोडी, दर फोडीला दोन काटे लांब, दोन तोकडे;
कशीही पडो,
एक टोक आभाळाकडेच.

शेवटचा रकाना: नमुना कुठून गोळा केला?
मी लिहिलं, दूधवाल्या रघूच्या मागच्या चाकातून.
मॅडमनी लाल शाईनं विचारलं, अधिवास?

भादव्यातल्या रविवारी बाबांना नेलं
बसथांब्यामागच्या पडीत.
गुडघ्यांवर हात टेकून वाकले,
चष्मा घसरला, तो तसाच राहू दिला.
"हे पिवळं? सराट्याचं होय हे?"
"हो."
"तीस वर्सं झाली माय.
म्या त निरा काटाच पाह्यला."

नऊ वाजून गेले होते.
कडेची फुलं मिटायला लागलेली.
फाट्यावर कुणीतरी सायकल ढकलत आलं,
घंटी वाजवली, पुन्हा वाजवली.
बाबा निघाले, पाय उचलून उचलून टाकत,
तरी चपलांच्या तळाला आठ-दहा फोडी घेऊन.

दुकानात बसून त्यांनी त्या एकेक काढल्या.
डबा शेजारीच होता.
त्यांनी त्या मूठभरून पडीकडे भिरकावल्या,
गिऱ्हाइकाकडे पाहत हसले:
"धंद्याचं बी होय लेका,
पेरा लागते."