तात्पुरता पत्ता

यंदा आजोळ सेक्टर बदलून बसलंय.
ऐरोलीच, पण चौदावा मजला,
बिल्डरने भाडं भरलेला फ्लॅट.
आईच्या कपाटाला इथे भिंत पुरत नाही
म्हणून ते खिडकीपुढे उभं,
अर्धी खाडी अडवून.

भिलाईहून प्रवासात आंबलेली माझी दोघं
चपला काढायच्या आधी विचारतात,
झोपाळा कुठाय?
"माळ्यावर," बाबा म्हणतात. मग आठवून,
"म्हणजे हर्षलाच्या माळ्यावर. इथे माळा नाही."

सकाळी सातला ते नातवंडांना घर दाखवायला नेतात.
निळे पत्रे. पत्र्यांत एक फट,
निषादच्या उंचीला बरोबर,
बाबांना मात्र वाकावं लागतं.
आत खड्डा, खड्ड्यात पिवळं मशीन,
आणि घोटाभर पाण्यात कुणाचा तरी बूट.
"हे आपलं घर?"
"हे नाही. ते."
बाबा बोट वर करतात, सातवा मजला, डावीकडे.
तिथे एक घार होती. जरा सरकली.
"तुमची खोली इथून," बाबा म्हणतात,
"ते त्या क्रेनच्या दोरीपर्यंत."
शाल्मली म्हणते, लहान आहे.
बाबा बोट थोडं लांब नेतात.

वॉचमन फटीतून कढीपत्ता देतो, रोजच्यासारखा.
आईने लावलेलं झाड, कुंपणाच्या कोपऱ्यात आहे
म्हणून वाचलंय.
नकाशात तिथे पार्किंग आहे.
झाडाला अजून कुणी काही बोललेलं नाही.

दुपारी दिवागावात.
हर्षला मढवी, दहावी ब, माझ्या डाव्या हाताला,
दारातूनच ओरडते,
"आयलीस गो बाय! कवरी सुकलीस!"
मी सहा किलो वाढलेय.

तिचे बाबा गेले तेव्हा मी फोन केला होता,
दोन मिनिटं.
उरलेलं टाईप केलं,
आणि खाली जोडलेले हात पाठवले, पिवळे.
ती ते काढत नाही. भाकरी वाढते,
बोंबलाचं आंबट वाढते, नको म्हटलं की जास्त.
मुलं तिन्ही तीन कोपऱ्यांत,
मध्ये एकच चार्जर,
त्याच्यावरूनच पहिली ओळख होते
आणि पहिलं भांडणही.

मग ती शिडी लावते.
आमचा झोपाळा खाली येतो, जुन्या चादरीत गुंडाळलेला,
एका बाजूला माझं नाव, कंपासच्या टोकाने कोरलेलं,
त्यातला एक काना तिने कोरलाय.
"टांगायचा कुठे?" मी विचारते.
ओटीवर तुळईला एक कडी आहे, दोन बोटं जाड,
खाऱ्या हवेने खवले धरलेली.
"बाबांच्या होडीची. होडी इकली,
कडी नाय दिली त्यांनी.
दुसरी तिकडं, जोडीची."

मुलं बसली. तुळई एकदा कुरकुरली.
मी तिचा हात धरला आणि म्हटलं,
मी यायला हवं होतं.
ती मुलांकडे बघत म्हणाली, "हां. हवं होतं."
मग थोड्या वेळाने,
"चाय टाकू?"

संध्याकाळी निषाद सुट्टीचा अभ्यास काढतो.
आप छुट्टियों में कहाँ गए, दस वाक्य.
पाचच होतात. चौथं वाक्य:
नाना का घर अभी ऊपर है, नीचे का बनना बाकी है.
नवरा म्हणतो, चुकलंय, नीट लिहायला लाव.
मी वही मिटते.

शेवटच्या रात्री आई पाणी प्यायला उठते.
अंधारात तिचा तळवा भिंतीवरून फिरतो,
दाराच्या उजवीकडे, खांद्याच्या जरा खाली,
बटण जिथे एकतीस वर्षं होतं तिथे.
मी जागी आहे.
दिवा माझ्या हाताशी आहे.
लावत नाही.
तळवा थांबतो, परत फिरतो, थांबतो.

मग स्वयंपाकघरातून
माठावरच्या झाकणाचा आवाज.