कारणांचा रकाना

तालुक्याहून वही आखूनच आली:
नाव, वय, आधार, डोस कितवा,
आणि अगदी कडेला, बोटभर रुंदीचा,
नकाराचे कारण.

शाळेला दीड वर्ष कुलूप, म्हणून मी
समाजमंदिराच्या ओट्यावर, पेन घेऊन.
शेजारी निळा डबा, डब्यात बर्फ.
सिस्टर म्हणाली, बाटली फोडली की दहा माणसं लागतात,
चार तासांत. उरलं तर फेकायचं.
साडेदहाला फोडली.

पहिला मुनाफ. चाकणला वेल्डिंगला आहे.
बाही वर करताना त्यानं सुईकडं पाहिलंही नाही.
"सर, कागद कधी येईल मोबाइलवर?
गेटवर कागद लागतो."
दुखलं का, असं पोरांनी विचारलं.
तो म्हणाला, रेंज नाही इथं.

मुंजाजीनं लांबूनच विचारलं,
"आठ दिवस घ्यायची नाई म्हणतेत, खरंय का?"
खरंय म्हटल्यावर चपला सरकवत म्हणाला,
"मंग पोळा झाल्यावर बघू."
रकान्यात लिहिलं: पोळा.

धुरपदाबाईच्या नातवाच्या मोबाइलमध्ये आलं होतं
की सुई घेतलेला माणूस दोन सालांत जातो.
मी लिहिलं: गैरसमज.
ती तिथंच उभी.
"मही जाऊ हिंगोलीच्या दवाखान्यात चालत गेली, सर.
तोंड बी दाखवलं नाई. पिशवीच."
गैरसमज खोडला.
दुसरं काही त्या बोटभर जागेत बसेना.

गयाबाई ओट्याची पायरीसुद्धा चढली नाही.
"पटकीच्या साली मह्या मायनं
मरीआईचा गाडा शिवंच्या भाईर लोटला होता.
तुमी डबा शिवंच्या आत आणला."

आशाताई सत्यभामा तीनदा तांड्यावर जाऊन आली.
तिथं दारं दिवसभर उघडी असतात,
ती दिसली की लागतात.
चौथ्यांदा निघताना चप्पल तुटली, ती पिशवीत टाकली.
जूनपासून मानधन नाही,
आणि अजून चार माणसं पाहिजेत.

सटवाजी गिरे, वय त्र्याहत्तर,
सकाळपासून समोरच्या दगडावर बसलेला.
दीड वाजता उठला, टेबलाला हात लावून पाहिला.
"नसबंदीच्या साली असंच टेबल होतं. हितंच.
मास्तर बी होता. त्याला बी माणसं कमी पडायली होती."
मग हळूच:
"तुमचं झालं का?"

माझं झालं नव्हतं.
मार्चमध्ये ताप सांगितला होता, मेमध्ये लग्न.
ताप नव्हता.
लग्न होतं, मी गेलो नव्हतो.
"भेव वाटतंय?"
वाटतंय, म्हणालो. ओट्यावर सगळ्यांनी ऐकलं,
पाचवीतली दोन पोरंही होती त्यात.
बाही वर केली. दुसरं काय करणार होतो.

अडीचला सिस्टरनं बाटली उजेडात धरली.
आठ झाले होते. दोन माणसांपुरतं तळाशी
लाल पिशवीत गेलं.
सत्यभामा तोंड बांधलेल्या पिशवीकडं
बराच वेळ बघत होती, अनवाणी.

रात्री हुडहुडी भरली. दोन गोधड्या,
आणि गयाबाईचा गाडा कुठूनसा करकरत
सारखा घराभोवती फिरत होता.

सहाला दारात काठी वाजली.
"मास्तर, हाय का?"
"हाय."
"अंग दुखायलंय?"
"लई."
काठी जराशी थांबली उंबऱ्याशी.
"खोटं नाई बोलले, बरं झालं," म्हणाला,
आणि उद्या येतो म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही,
घोंगडीवर पाऊस घेऊन.
आत ये म्हटलं तर आला नाही.
बाहेरूनच मला खालीवर न्याहाळलं,
बाजारातलं बैल न्याहाळावं तसं.

वही सोमवारी तालुक्याला द्यायची होती.
एकच ओळ रिकामी राहिली होती.
सटवाजी गिरे, पुरुष, त्र्याहत्तर.
कारण:
अजून बघायलाय.