पाठीचा रकाना

फॉर्मवर चार रकाने आहेत : कपाळ, कान, काख,
आणि चौथा, ज्याचं नाव मी आयांसमोर हळू घेते.
मांगोची, जिल्हा रुग्णालय, मुलांचा वॉर्ड.
खिडकीतून सरोवराचा वारा येतो
वाळत्या माशांचा वास घेऊन.

एनेलेसी रात्र सरायच्या आत घरून निघाली होती.
चितेंजेच्या कापडात पाठीशी आवळलेला तियामिके,
अकरा महिन्यांचा, डोळे अर्धे मिटलेले.

कपाळाचं यंत्र सगळ्यांत सभ्य.
शिवत नाही, रडवत नाही,
नुसतं रोखायचं आणि ते म्हणतं : सदतीस पूर्णांक दोन.
हे कपाळ वाऱ्यातून आलंय, घामाने ओलं आहे,
हे त्याला कोण सांगणार?

कानाचं यंत्र घाईतलं.
उजव्या कानात अडतीस पूर्णांक तीन,
डाव्यात एकोणचाळीसला टेकलेलं.
डावा कान वाटभर आईच्या पाठीवर होता.
मी दोन्ही आकडे लिहिते, मग एक खोडते,
मग खोडलेलाच पुन्हा लिहिते.

काखेला धीर लागतो.
हात अंगाशी दाबून पाच मिनिटं,
आणि अकरा महिन्यांच्या माणसाला
पाच मिनिटं म्हणजे जन्मठेप.
पूर्वी काचेची नळी होती. एकदा फुटली तेव्हा
पाऱ्याचे मणी खाटांखाली पळाले
आणि पोरं ताप विसरून हसली.
अडतीस पूर्णांक चार. काख नेहमी कमीच सांगते,
भिडस्त साक्षीदारासारखी.

चौथ्यासाठी मी आधी विचारते.
एनेलेसी मान हलवते, पाय धरते, तोंड फिरवते.
एकोणचाळीस पूर्णांक पाच.
तो असा किंचाळतो की पलीकडच्या खाटेवरच्या बाया
माझ्याकडे चोरासारखं बघतात.
खरं ऐकायला मिळालं, पण ते असं मिळालं.

डॉक्टर म्हणतात, सिस्टर फालेसी, सगळं लिहा,
चौघांत कोण किती चुकतं ते बघायचंय.
मी लिहिते. बोटातून थेंबभर रक्त घेतात,
पट्टीवर दुसरी रेघ उमटते. मलेरिया.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ : ताप कधीपासून?
"काल दुपारपासून," एनेलेसी म्हणते.
"मका कांडत होते, तर पाठ भाजायला लागली."
हात लावून पाहिलास?
"हात कशाला? हात कामात होते."

कडेला जागा होती, तिथे मी पेनने एक रेघ ओढली,
वर लिहिलं : पाठ.
डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं.
त्यांनी विचारलं नाही.

तिसऱ्या सकाळी ती त्याला बांधून व्हरांड्यात फेऱ्या मारत होती.
काय म्हणते पाठ? मी विचारलं.
ती थांबली, जरा वाकली, त्याला झोका दिला.
"आता नुसतं वजन आहे."

तरी नियम म्हणून मी चारही रकाने भरले.
त्यांचं आपसात
अजूनही जमलं नव्हतं.